शिवनेरीच्या टाक्यांत उन्हाळ्यात पाणी उरतं कसं?

मे महिना. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात वाड्या-वस्त्यांवर टँकरची वाट पाहणं सुरू झालेलं असतं, विहिरींचे तळ दिसू लागलेले असतात. अशा दिवसांत एखादा माणूस शिवनेरी किल्ल्याचे सात दरवाजे ओलांडून, घामाघूम होऊन अंबरखान्यापाशी, म्हणजे गडाच्या धान्यकोठारापाशी पोचतो. तिथून शिवकुंज स्मारकाकडे निघाला की वाटेत गंगा, जमुना आणि त्यांच्या शेजारची कातळात कोरलेली टाकी लागतात. तो कठड्याशी वाकून बघतो, तर आत थंडगार पाणी! खाली गावात खणून पाणी लागत नाही आणि इथे डोंगराच्या डोक्यावर ते स्वस्थ बसलेलं आहे. मग प्रत्येक सहलीत निघतो तो प्रश्न निघतोच: इतक्या उंचावर पाणी आलं कुठून?

उत्तरही ठरलेलं असतं. “खाली जिवंत झरा आहे.” कुणी आणखी रंगात आला, तर हा झरा थेट नदीला जोडून देतो. पण कुकडी वाहते डोंगराच्या पायथ्याला, आणि पाणी आपल्या पायांनी डोंगर चढत नाही. झऱ्याच्या गोष्टीत तथ्य अजिबात नाही असंही नाही, त्याकडे येऊच. मात्र प्रश्नाचं तोंड जरा दुसरीकडे वळवलं तर कोडं लवकर सुटतं. पाणी आलं कुठून यापेक्षा ते गेलं का नाही, हे विचारायला हवं.

भरायला किती पाऊस लागतो?

पावसाचा हिशेब सोपा असतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. समजा, एक टाकं सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि तीन मीटर खोल आहे. त्यात 90 हजार लिटर पाणी मावेल. आता त्याच्या वरच्या अंगाला वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद एवढाच उघडा उतरता कातळ आहे असं धरा. वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या कातळावर 1 लाख 40 हजार लिटर पाणी पडतं. त्यातला तिसरा हिस्सा इकडेतिकडे वाया गेला तरी टाकं काठोकाठ भरतं.

गडाचा माथा सारा मिळून यापेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यात कातळ उघडा, माती थोडी. म्हणजे पडलेलं पाणी मुरण्यापेक्षा वाहण्याकडेच जास्त. शिवनेरीवर कोळी चौथरा आणि इदगाह आहे ते टेकाड आठवा. गंगा-जमुना टाकी त्या टेकाडाच्या माथ्यावर नाहीत, त्याच्या अंगाखालून जाणाऱ्या वाटेवर आहेत. टेकाडावरचा पाऊस उतरून येतो तिथे. गडाच्या अगदी सर्वांत उंच टोकावर टाकं खोदणं म्हणजे त्याच्या तोंडात पडेल तेवढ्याच पावसावर भिस्त ठेवणं. खोदणाऱ्यांनी ते टाळलं. टाक्याच्या वरच्या कातळात कधी कधी बोटभर खोल चर मारलेला दिसतो. तो पाणी टाक्याकडे वळवण्यासाठी असतो; आणि बाजूच्या बाजूने मारलेला असेल, तर नको ते गढूळ पाणी टाक्यापासून लांब नेण्यासाठी.

तेव्हा टाकं भरणं ही काही मोठी करामत नव्हे. सप्टेंबरच्या शेवटी महाराष्ट्रातला प्रत्येक खड्डा भरलेलाच असतो. पुढचे आठ महिने खरे कसोटीचे. त्या आठ महिन्यांत पाण्याला पळायला दोन वाटा असतात, एक खालची आणि एक वरची. खालून ते झिरपतं, वरून उडून जातं.

खालची वाट: काळ्या दगडाचे थर

सह्याद्रीचा दगड लाव्हाचा. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तो वाहिला, पसरला, थिजला; मग त्याच्यावर पुढचा थर आला, मग त्याच्यावरचा. जुन्नरच्या कुठल्याही डोंगराकडे लांबून पाहिलं तर पायऱ्या-पायऱ्यांची रचना दिसते, ती या थरांमुळेच.

हे थर एकजिनसी नसतात. लाव्हा थिजताना त्यातले वायू वर येतात आणि थराच्या वरच्या भागात बुडबुड्यांच्या पोकळ्या सोडून जातात. पुढे त्या पोकळ्यांत पांढरी-हिरवट खनिजं भरतात. विहीर खोदणारे या दगडाला मांजऱ्या म्हणतात. तो तुलनेने मऊ असतो, लवकर झिजतो. थराच्या मधल्या आणि खालच्या भागात मात्र काळा, घट्ट पाषाण असतो. त्याच्यावर छिन्नी मारली की खणखणीत आवाज येतो. या पाषाणाला जिथे भेगा नाहीत, तिथे पाणी त्यातून जवळजवळ जात नाही. जिथे भेगा आहेत, तिथे त्यातून सरळ निघून जातं. मधला प्रकार फारसा नाहीच. एकच दगड, पण भेगेच्या असण्या-नसण्यावर तो एके ठिकाणी हौद आणि दहा हातांवर गळकं भांडं ठरतो.

टाकं खोदणाऱ्याची पहिली परीक्षा इथे होती. घट्ट पाषाणाचा जाड, भेगा नसलेला पट्टा ओळखायचा आणि त्यातच घुसायचं. आजच्यासारखी यंत्रं नव्हती, पण पाथरवटाचे कान आणि डोळे होते. ठणठणीत वाजणारा दगड आणि बद्द वाजणारा दगड यांतला फरक तो जाणत असे. पावसाळा सरल्यावर कातळाच्या कुठल्या जागा आधी वाळतात आणि कुठल्या ओल धरून राहतात, हेही डोळ्यांना दिसतं. जिथे नाइलाजाने भेग आलीच, तिथे चुन्याचा लेप देऊन ती बुजवता येई.

जुन्नरच्या कारागिरांना या दगडाची ओळख काही एका पिढीत झालेली नव्हती. या गावाच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी खोदलेली आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि खुद्द शिवनेरीचा कडा, सगळीकडे. एकाच गावाभोवती इतकी लेणी भारतात दुसरीकडे सापडणं मुश्कील. यांतली बरीचशी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, सातवाहनांच्या आणि क्षत्रपांच्या काळातली आहेत. गड उभा राहण्याच्या कितीतरी आधी हा डोंगर आतून-बाहेरून ठोकून पाहिला गेला होता.

मग झरा नसतोच का?

असतो, पण नदीतून आलेला नसतो. गडाच्या माथ्यावर पडलेल्या पावसातला थोडा भाग माती, मुरूम आणि वरच्या भेगाळलेल्या दगडात शिरतो आणि हळूहळू खाली सरकतो. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कधी कधी लाल मातकट पट्टा असतो. घाटरस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो, तिथे काळ्या दगडात आडवी लाल रेघ दिसते, तोच हा. या चिकण पट्ट्यातून, किंवा खालच्या घट्ट पाषाणातून, पाण्याला पुढे उतरता येत नाही. मग ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या अंगाला जिथे वाट मिळेल तिथे पाझरतं. कड्यावर डिसेंबर-जानेवारीतही ओला, शेवाळलेला पट्टा दिसतो तो त्यामुळे. लेण्यांच्या मागच्या भिंती कायम दमट असतात, त्याचंही कारण हेच.

अशा पाझराच्या तोंडाशी टाकं खोदलं तर पावसाळ्यानंतरही त्यात भर पडत राहते. ही भर किती असते? डोळ्यांना अगदी नगण्य वाटावी अशी. मिनिटाला एक पेला, म्हणजे 200 मिलिलिटर पाणी पाझरतंय असं धरा. दिवसाला 288 लिटर होतात. आठ महिन्यांचे 240 दिवस धरले तर 69 हजार लिटर. आपल्या 90 हजार लिटरच्या टाक्याचा पाऊण हिस्सा नुसत्या टिपटिपीने पुन्हा भरला! भिंतीवरून ओघळणारी ती करंगळीएवढी धार पाहून कुणाला विश्वास बसत नाही, म्हणून गंगेची आणि पाताळाची गोष्ट जन्माला येते.

सगळ्याच टाक्यांना असा पाझर नसतो. नुसत्या पावसाच्या साठ्यावर चालणारी टाकीही पुष्कळ असतात. ती मे महिन्यापर्यंत टिकतात, याचं रहस्य दुसऱ्या वाटेत आहे.

वरची वाट: ऊन आणि वारा

धुतलेली साडी दोरीवर पसरून टाकली तर तासाभरात वाळते. तीच पिळून पिळा तसाच बादलीत ठेवला, तर संध्याकाळीही ओलाच असतो. पाणी दोन्हींत तेवढंच. फरक एवढाच की एकीत त्याला हवा भेटते, दुसऱ्यात भेटत नाही. साठवलेल्या पाण्याचंही तेच. किती पाणी उडून जाणार हे ते किती आहे यावर ठरत नाही. त्याचा किती पृष्ठभाग ऊन-वाऱ्याला उघडा आहे, यावर ठरतं.

आपल्याकडच्या उघड्या जलाशयांतून वर्षाला साधारण दीड ते दोन मीटर उंचीचं पाणी वाफ होऊन जातं. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांचा वाटा हिशेबासाठी 1.4 मीटर धरू. आता आपलं मघाचं टाकं घ्या. सहा बाय पाच, तीन मीटर खोल. त्यातून 1.4 मीटर गेलं, तरी 1.6 मीटर उरलं. म्हणजे 48 हजार लिटर. तेवढंच 90 हजार लिटर पाणी जर दहा बाय नऊ मीटरच्या, एक मीटर खोल तळ्यात साठवलं असतं, तर? उन्हाळा पुरा होण्याआधीच तळं कोरडं. कुणी घोटभरही न पिता.

म्हणून गडावरची पिण्याच्या पाण्याची टाकी अरुंद आणि खोल. कातळात उभं खाली खोदत जाणं पसरट खोदण्यापेक्षा कष्टाचं, दगड वर काढायचा त्रास वेगळा; तरीही खोली सोडलेली नाही.

पण याहून सरस युक्ती कड्याच्या पोटातल्या टाक्यांत आहे. माथ्यावर खड्डा करण्याऐवजी डोंगराच्या उभ्या अंगात छोटं तोंड पाडायचं आणि आत शिरून पोट मोठं करायचं. वर डोंगराचंच छप्पर. ऊन आत जात नाही, वारा तोंडाशीच थांबतो, आतल्या दगडाचा थंडावा पाण्याला धरून ठेवतो. पाण्यावरची हवा थोड्याच वेळात बाष्पाने भरते आणि तिथेच राहते. भरलेल्या हवेत आणखी वाफ मावत नाही, त्यामुळे बाष्पीभवन अगदी मंदावतं.

छप्पर मोठं झालं की मात्र नवी अडचण उभी राहते. पाषाण दाबाला पक्का असतो, ओढीला कच्चा. दोन्ही बाजूंना टेकलेल्या दगडी छताचा मधला भाग स्वतःच्या वजनाने खाली वाकू पाहतो आणि त्याच्या खालच्या अंगाला ताण बसतो. तिथेच तो तडकतो. म्हणून आत ठरावीक अंतरावर दगडाचे खांब सोडत जायचे. बांधायचे नव्हे, सोडायचे; भोवतालचा दगड काढला की खांब आपोआप उरतो. अशांना खांबटाकी म्हणतात. आत अंधारात डोकावून पाहिलं की पाण्यातून वर आलेले ते खांब मंदिराच्या सभामंडपासारखे भासतात, म्हणून कुणी तिथे देवळं बुडाली असल्याच्या कथाही जोडतं. खांबांचं काम मात्र छत धरण्याचं.

या छपराची किंमत माणसांत मोजता येते. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला दहा लिटर धरा. आठ महिन्यांना 2400 लिटर. उघड्या खोल टाक्यात वापरायला उरतात 48 हजार लिटर, म्हणजे वीस माणसांची सोय. झाकलेल्या टाक्यात जवळपास सगळे 90 हजार लिटर हाती राहतात, म्हणजे पस्तीसेक माणसांची. एवढ्याच पाण्यावर पंधरा गडकरी जास्त पोसले जातात, आणि तेही वेढा पडलेला असताना! किल्ल्यावर तोफा किती होत्या हे आपण हौसेने विचारतो. टाकी किती आणि झाकलेली किती, हा आकडा त्या गडाच्या ताकदीबद्दल अधिक खरं बोलतो असं मला वाटतं.

अंधाराचा आणखी एक फायदा. पाणी हिरवं होतं ते शेवाळाने, आणि शेवाळाला ऊन लागतं. झाकलेल्या टाक्यातलं पाणी म्हणूनच नितळ राहतं. शिवनेरीवर शिवजन्माच्या इमारतीसमोर बदामी तलाव आहे. तो आभाळाला उघडा. असे उघडे तलाव जनावरांना, धुण्याला, बांधकामाला उपयोगी पडतात. प्यायचं पाणी वेगळं, वापरायचं वेगळं, ही विभागणी गडावरच्या बहुतेक पाणवठ्यांत दिसते.

छपराची ही अक्कल फक्त आपलीच नव्हे. इस्तंबूल शहराच्या ऐन मध्यात, जमिनीखाली, सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधलेला हौद आजही पाहता येतो. 336 संगमरवरी खांबांवर त्याचं छत तोललेलं आहे. आणि अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराने 2015 साली आपल्या पाण्याच्या जलाशयावर प्लास्टिकचे सुमारे 9 कोटी 60 लाख काळे चेंडू सोडले. उन्हाने पाण्यात नको ती रासायनिक क्रिया होऊ नये हा त्यामागचा मुख्य हेतू. बाष्पीभवन घटलं ते वर. जुन्नरच्या पाथरवटाला डोंगराचं छप्पर फुकट होतं.

पाण्याचं दान

ही विद्या गडांच्या आधी लेण्यांत रुजली. बौद्ध भिक्षू पावसाळ्यात एका जागी राहत. पुढे विहार कायमचे वसते झाले. विहार खोदला की दाराशेजारी, ओसरीच्या कडेला, टाकं खोदायचं. जुन्या शिलालेखांत त्याला पोढी म्हटलं आहे, आणि पोढी दान देणं हे पुण्याचं काम मानलं जाई. मानमोडीच्या लेण्यांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे. वर्ष 46 मध्ये त्याने एक पोढी आणि एक मंडप करवून दिल्याची त्यात नोंद आहे. हे वर्ष शकगणनेतलं धरलं तर इ.स. 124 येतं. दुसऱ्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्याचं कोरलं आहे. यवन म्हणजे ग्रीक वंशाचा किंवा त्या जगातून आलेला परदेशी माणूस. समुद्रापलीकडचा हा गृहस्थ जुन्नरला आला आणि त्याने दान कशाचं दिलं, तर पाण्याच्या दोन टाक्यांचं.

तो इथवर आला कसा, याचं उत्तर नाणेघाटात आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल या घाटाने वर चढे आणि जुन्नरमार्गे पैठणकडे जाई. घाटाच्या माथ्याशी सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख असलेली गुहा आहे, जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे, आणि आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. कोकणातून उभी चढण चढून आलेल्या तांड्याला, ओझ्याच्या जनावरांना, माथ्यावर पहिली गरज कसली असणार? इथे पावसाळ्यात पाऊस धो-धो पडतो. पण तो तितक्याच वेगाने कड्यावरून खाली जातो. टाक्यांशिवाय हा व्यापारी रस्ता वर्षभर चाललाच नसता.

तटाचा दगड आणि अमात्यांचा सल्ला

टाकं खोदताना निघालेला दगड टाकून द्यायचा नसतो. 90 घनमीटरचं टाकं म्हणजे सुमारे अडीचशे टन काळा पाषाण. चर मारून, पाचरी ठोकून तो चिऱ्यांच्या रूपात काढला की तोच तटाला, बुरुजाला, वाड्याच्या जोत्याला कामी येतो. पायथ्यावरून एवढा दगड चढवणं कुणाला परवडलं असतं? म्हणून गडावरचं बांधकाम आणि पाणीसाठा ही एकाच खाणीची दोन फळं. टाक्याच्या भिंतीवर तिरक्या समांतर रेघा दिसतात. त्या छिन्नीच्या. हात फिरवला तर प्रत्येक घाव वेगळा लागतो.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. गड कसा बांधावा हे सांगताना ते आधी पाण्याकडे वळतात. पाणी पाहून मगच गड बांधावा. जागा मोक्याची आहे पण पाणी नाही, तर खडक फोडून अशी टाकी-तळी करावीत की पुढच्या पावसापर्यंत साऱ्या गडाला पुरावीत. पुढचा सल्ला मला त्याहून मोलाचा वाटतो. गडावर झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, असं ते बजावतात. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो, हे त्यांचं कारण. म्हणून जास्तीची टाकी राखून ठेवावीत, त्यांतलं पाणी एरवी खर्चू देऊ नये. तोफेच्या आवाजाने झरा आटतो हे ऐकायला भाबडं वाटेल. पण पाझर बारीक भेगांवर जगतो आणि दणक्याने भेगा सरकू शकतात. शेजारच्या सुरुंगामुळे विहिरीचा झरा फिरला, अशी तक्रार आजही गावोगाव ऐकू येते.

एकच मोठं टाकं न खोदता अनेक लहान टाकी का, याचंही उत्तर यात आहे. शिवनेरीच्या पश्चिमेला चावंड किल्ल्यावर सात टाक्यांचा समूह आहे, त्यांना सप्तमातृका म्हणतात. एक टाकं गळलं, एकात जनावर पडलं, एकात शत्रूने घाण कालवली, तरी बाकीची सहा शाबूत. एक उपसून गाळ काढायचा असला तरी बाकीच्यांवर गड चालतो. छताचा पल्ला लहान राहतो तो फायदा आहेच.

गाळ काढणं मात्र चुकत नाही. पहिल्या पावसाबरोबर माती येते, पालापाचोळा येतो, आणि दरवर्षी बोटभर गाळ साचला तरी तीनशे बोटांचं टाकं कधी भरतं हे कुणीही मोजावं. 1818 साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी चावंडच्या पायऱ्या सुरुंगाने उडवून दिल्या. गडावरचा राबता संपला. सह्याद्रीतल्या कितीतरी टाक्यांचं पुढचं दीड-दोनशे वर्षांचं चरित्र एका ओळीचं आहे: उपसणारं कुणी राहिलं नाही. अलीकडे दुर्गप्रेमी तरुण घमेली घेऊन गडावर जातात आणि ती उपसतात. गाळाखालून पुन्हा पाणी धरणारं टाकं निघतं, कारण दगड बिघडलेला नसतो.

चौकट: टाकं कसं वाचावं?

• टाक्याच्या वरच्या अंगाला किती उतरता कातळ आहे ते पाहा. तेच त्याचं पाणलोट क्षेत्र.
• चर शोधा. टाक्याकडे येणारा चर पाणी आणतो, बगल देऊन जाणारा गढूळ पाणी टाळतो.
• मागच्या भिंतीवर ओलीचा आडवा पट्टा आहे का? असेल तर पाझर आहे.
• तोंड लहान आणि आत अंधार, खांब असतील तर ते पिण्याचं. उघडं, पसरट, हिरवं असेल तर बहुधा वापराचं.
• काठावर चौकोनी किंवा गोल खळगे दिसले तर तिथे कधी लाकडी खांब, मांडव किंवा झाकण बसवलं असावं.
• आत नाणी, बाटल्या, नारळ टाकू नयेत. वाहतं पाणी घाण पुढे नेतं; टाक्याला पुढे नेणारं काही नसतं.

डोंगरावर टाकं, गावात बारव

सपाटीवर गणित उलटं होतं. तिथे पाणी जमिनीखाली असतं, आपल्याला त्याच्यापर्यंत उतरायचं असतं. आंबेगाव तालुक्यात मंचरला जुनी दगडी बारव आहे. बारवेतलं पाणी पावसाळ्यात वर येतं आणि उन्हाळ्यात खाली जातं, म्हणून तिला पायऱ्या. पाणी जिथे असेल त्या पायरीपर्यंत माणूस जातो. टाक्याला मात्र, पाझरावरची टाकी सोडली तर, भोवतालच्या जमिनीतल्या पाण्याशी देणंघेणं नसतं, उलट त्याच्यापासून तुटून राहण्यातच त्याचं भलं. बारवेला पाझरणारी भिंत हवी, टाक्याला न पाझरणारी. या दोन्हींना सरसकट “पुरातन तलाव” म्हणून एकाच पद्धतीने सिमेंटचा गिलावा करायला घेतला, की बारव मरते.

आजची शेततळी

जुन्नर आणि आंबेगाव याच तालुक्यांत कुकडी प्रकल्पाची धरणं आहेत: माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचं डिंभे. त्यांचं पाणी उताराने पूर्वेला जातं आणि ऊस, द्राक्षं, नारायणगावचा टोमॅटो पिकवतं. धरणाच्या वर, डोंगरात राहणाऱ्या आदिवासी वाड्यांना त्याचा उपयोग होत नाही. सर्वांत जास्त पाऊस त्यांच्याच डोक्यावर पडतो आणि सर्वांत आधी टँकरही त्यांनाच लागतो. खडक तोच, उतार तोच, आणि प्रश्नही दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंचाच.

खालच्या शेतकऱ्याने आपल्यापुरता तोडगा काढला आहे तो शेततळ्याचा. खड्डा खणायचा, त्यात जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा. खालची वाट कागदाने बंद होते. पाषाण हुडकत बसायला नको. पण वरची वाट सताड उघडी राहते. माती ढासळू नये म्हणून शेततळ्याच्या भिंती उतरत्या ठेवाव्या लागतात, त्यामुळे तोंड तळापेक्षा बरंच पसरट होतं, आणि पाणी सगळ्यात जास्त उडतं ते याच तोंडातून. वरून सावलीची जाळी ताणली, तर नुकसान घटतं. जाळीचा खर्च आणि वाचलेलं पाणी यांचा मेळ कधी बसतो, कधी नाही. पिकाला फेब्रुवारीतच शेवटचं पाणी द्यायचं असेल तर जाळी घालण्यात अर्थ नाही. मे महिन्यात बाग जगवायची असेल तर आहे. वाडीवरच्या पिण्याच्या टाकीला मात्र दुसरा विचार करायचं कारण नाही. ती खोलच हवी, आणि तिच्यावर झाकण हवंच.